बिशप नेमायचा कोणी?

१८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चला वेढा पडला होता. आत बिशप अनास्तासिउस हार्टमन आणि त्यांची मोजकी माणसं, बाहेर त्याच चर्चचे संतापलेले भाविक. पंधरवडाभर बाहेरच्यांनी रसद तोडली आणि बिशपमहाराज आतून हलेनात. शेवटी सरकारी अंमलदारांना मध्ये पडावं लागलं आणि चर्च बाहेरच्यांच्या पक्षाकडे गेलं. आज बुधवारच्या नोव्हेनाला जिथे सगळ्या जातिधर्मांची रांग लागते, तेच हे माहीम चर्च.

गंमत अशी, की दोन्ही बाजूंना कॅथलिकच होते. जपमाळ तीच, मिस्सा तीच, पोपही एकच. भांडण एकाच गोष्टीचं होतं : मुंबईच्या कॅथलिकांवरचा बिशप लिस्बनच्या दरबाराच्या मर्जीने यायचा की थेट रोमहून? ब्रिटिशांच्या मुंबईत, पोर्तुगीज जाऊन दोनशे वर्षं होत आली असताना, हा प्रश्न हातघाईवर आला होता.

धर्म आणि परराष्ट्रकारण हे शब्द शेजारी आले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात. एक, धर्मयुद्धाचं. दुसरं, एखाद्या शांतिपरिषदेत वेगवेगळ्या रंगांची वस्त्रं घालून हातात हात गुंफून उभ्या असलेल्या धर्मगुरूंचं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची सोय दोन्हींनी होते. परराष्ट्र खात्यांच्या फायलींत मात्र धर्म बराच रूक्ष होऊन येतो : नेमणूक कोणी करायची, कोणत्या धर्मपीठाची हद्द कुठवर, जमीन कोणाच्या नावावर, यात्रेकरू किती सोडायचे, गादीवर पुढे कोण. श्रद्धेचं बळ या असल्या कलमांमधून राजकारणात उतरतं. गोवा आणि मुंबईचा इतिहास याचा उत्तम धडा आहे, आणि तो आपल्या अंगणात घडूनही आपण फारसा वाचलेला नाही.

पोर्तुगीज पूर्वेकडे आले तेव्हा पोपशी त्यांचा एक सौदा झाला होता. चर्चेस राजाने बांधायची, पाद्र्यांचा खर्च राजाने करायचा, त्यांना जहाजांतून राजाने न्यायचं. बदल्यात पूर्वेकडच्या बिशपांची नावं राजा सुचवणार आणि पोप त्यांवर शिक्का मारणार. या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणत. १५३४ साली गोव्याचं धर्मपीठ उभं राहिलं आणि आफ्रिकेच्या टोकापासून चीनपर्यंतचा मुलूख कागदोपत्री त्याच्या पदराखाली आला. तेव्हा हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता. रोमकडे जहाजं नव्हती आणि लिस्बनला पुण्याई हवी होती.

पण राज्यं खंगतात आणि हक्क मात्र कागदावर तसेच राहतात. सतराव्या शतकात पोर्तुगालची ताकद ओसरू लागली. बिशपांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडू लागल्या आणि लिस्बन त्या भरेनाही, सोडेनाही. रोमने १६२२ साली ‘प्रोपगंडा फिदे’ नावाचं आपलं स्वतःचं धर्मप्रसार खातं उघडलं. पाद्रोआदो रद्द न करता त्याला वळसा घालायचा, ही त्यातली युक्ती. पोर्तुगीज मुलखाबाहेर रोम आपले प्रतिनिधी नेमू लागलं. त्यातले एक होते दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातले मातेउश द काश्त्रु. गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा नाकारली, म्हणून हा माणूस सरळ रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ साली बिशप. पहिला भारतीय बिशप तो हाच. रोमने त्यांना कार्यक्षेत्र दिलं ते आदिलशाहीचं. मग त्यांनी गोव्याच्या उंबरठ्यावर, आदिलशाही मुलखातल्या डिचोलीत तळ ठोकला. पोर्तुगिजांचा जळफळाट झाला. आदिलशहाला गोव्यावर चढाई करायला हेच फूस लावतात, असा आरोपही त्यांनी केला. आरोपात तथ्य किती हा वेगळा विषय; पण एका कॅथलिक बिशपवर मुसलमान सुलतानाला कॅथलिक गोव्यावर घालण्याचा आळ यावा, यातच सगळं आलं. धर्म एक असला म्हणजे बाजू एक असते, या समजुतीला सतराव्या शतकातच तडा गेला होता.

मराठ्यांनाही हे व्यवहारज्ञान होतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली तेव्हा तहाच्या कलमांत ख्रिस्ती रहिवाशांच्या उपासनेची मोकळीक लिहून दिलेली होती. त्यामागे नुसतं औदार्य पाहू नये. साष्टी-वसईची शेती आणि बंदरं ज्यांच्या कष्टावर चालत, ती प्रजा गलबतात बसून निघून जाणं विजेत्याला परवडणारं नव्हतं.

ईस्ट इंडिया कंपनीने हाच विचार उलट्या टोकाने केला. पोर्तुगालचा पाद्री म्हणजे पोर्तुगालचा माणूस, असा हिशेब करून १७२० साली मुंबईच्या गव्हर्नरांनी गोव्याहून आलेल्या फ्रान्सिस्कनांना बाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइटांना बोलावलं. प्रॉटेस्टंट कंपनीने पोपच्या माणसाला पायघड्या घालाव्यात! पण रोमकडे तोफा नव्हत्या, आरमार नव्हतं, मुंबईवर दावा नव्हता. पोर्तुगालचं तसं नव्हतं. पुढे लोकांनी गोव्याच्या बाजूने आरडाओरडा केला, लंडनहून उलटसुलट हुकूम आले, आणि १७९४ मध्ये कंपनीने मुंबईतली चर्चेस दोघांत वाटून टाकली. दादरचं साल्वासांव पाद्रोआदोकडे राहिलं. (ते आजही ‘पोर्तुगीज चर्च’च म्हणवतं, चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या आधुनिक इमारतीलाही त्या नावातून सुटका मिळाली नाही.) माहीमचं सेंट मायकल गेलं रोमच्या प्रतिनिधीकडे. एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, एकाच धर्माच्या दोन सत्ता. १८३८ साली पोपने फतवा काढून पाद्रोआदोचे अधिकार बरेच छाटले, ते गोव्याने मानले नाहीत, आणि माहीमचा वेढा हे त्या तंट्याचंच फळ.

१८८६ मध्ये तडजोड झाली, आणि ती वाचताना आज हसू येतं. मुंबई, मंगळूर, कोल्लम आणि तिरुचिरापल्ली या चार गाद्यांसाठी बिशपांनी तीन नावं काढायची आणि त्यांतलं एक पोर्तुगालच्या राजाने निवडायचं, असं ठरलं. चारही गावं पोर्तुगालच्या हद्दीबाहेरची! शिवाय दमणचा म्हणून एक वेगळा बिशप, त्याचा मुक्काम मुंबईतच. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. त्याने जेझुइटांना हाकललं, चर्चला सरकारपासून तोडलं, रोमशी संबंध बिघडवले; पण पूर्वेकडचा पाद्रोआदो सोडायला ते कडवं निधर्मी सरकारही तयार नव्हतं. घरात नकोसा झालेला पाद्री परदेशात झेंडा म्हणून हवा होता.

१९२८ साली मुंबईतली दुहेरी सत्ता एकदाची मिटली, पण अशा अटीवर, की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असेल. पाळीपाळीने. पहिले आले जोआकिम लिमा, पोर्तुगीज. १९३७ मध्ये आले थॉमस रॉबर्ट्स, लिव्हरपूलमध्ये पाद्रीपण केलेले इंग्रज जेझुइट. बहुसंख्य भाविक कोकणी आणि मराठी बोलणारे, आणि त्यांच्यातल्या कोणाचा नंबर या पाळीत कधीच लागणार नव्हता.

रॉबर्ट्स यांनी जे केलं ते मला या साऱ्या कथेतलं सर्वांत सुंदर पाऊल वाटतं. त्यांनी राजीनामा दिला असता तर कराराप्रमाणे पुढची पाळी पोर्तुगालची होती. म्हणून त्यांनी राजीनामा दिलाच नाही. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस या गोवन पाद्र्याला साहाय्यक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईतून निघून गेले. गादी रिकामी नाही, पण गादीवर कोणी बसलेलंही नाही, अशा अवस्थेत चार वर्षं गेली. कागदावर काहीच बदललं नव्हतं. प्रत्यक्षात मुंबईचं धर्मपीठ भारतीय माणूस चालवत होता.

या चार वर्षांत बाहेर जग बदललं. भारत स्वतंत्र झाला आणि १९४८ मध्ये दिल्लीने व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध जोडले. निधर्मी राज्यघटना लिहायला बसलेल्या देशाला इतक्या घाईने पोपकडे वकील धाडायची गरज का पडावी? कारण परक्या देशाला आपल्या भूमीवरचे धर्माधिकारी ठरवण्याचा करारसिद्ध हक्क होता, आणि तो हक्क काढून घेणं एकट्या व्हॅटिकनच्या हातात होतं. भारताने विषय लावून धरला. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने व्हॅटिकनशी नवा करार करून भारतातल्या नेमणुकांवरचा हक्क सोडला. रॉबर्ट्स यांचा राजीनामा त्याच वर्षी आला आणि ग्रेशस मुंबईचे आर्चबिशप झाले. जानेवारी १९५३ मध्ये पोपने त्यांना कार्डिनल केलं. भारताचे पहिले कार्डिनल. गोव्याच्या आर्चबिशपांपाशी ‘पॅट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज’ हा भारदस्त किताब होता, पण लाल टोपी मुंबईला गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्याच्या धर्मपीठाखालचा भारतीय हद्दीतला मुलूख काढून बेळगावचं नवं धर्मपीठ तयार झालं. चर्चची हद्द आता देशाच्या हद्दीपाशी येऊन थांबली. गोवा कोणाचा, यावर रोमने अवाक्षर काढलं नव्हतं.

लिस्बनला हे वाचता आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सालाझार स्वतः विझेऊच्या सेमिनरीत शिकलेले, पाद्री होता होता राहिलेले. गोवा ही वसाहत नसून पूर्वेतली ख्रिस्ती संस्कृतीची चौकी आहे, हा त्यांचा लाडका मुद्दा. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव गोव्यात, म्हणजे रोम आपल्याच बाजूला, असा हिशेब. समोर नेहरू, कुठल्याच देवापुढे सहसा हात न जोडणारे. पण चर्चला काय हवंय हे नेहरूंना जास्त कळलं. गोव्यात चार साडेचार शतकांचं वैभव होतं हे खरं. परंतु कॅथलिक चर्चचं भवितव्य उरलेल्या भारतात होतं, जिथे कितीतरी पटींनी जास्त कॅथलिक राहत होते, शाळा-कॉलेजं-इस्पितळं चालवत होते. उद्या त्यांच्याकडे कोणी ‘पोर्तुगालची माणसं’ म्हणून बोट दाखवू नये, ही रोमची खरी काळजी होती. गोवा भारतात आल्यावर धर्माला धक्का लागणार नाही, हे नेहरू लोकसभेत पुन्हा पुन्हा सांगत होते, त्याचे श्रोते पणजीत जितके होते तितकेच रोममध्येही.

८ जुलै १९५५ रोजी नेहरू पोप बारावे पायस यांना व्हॅटिकनमध्ये भेटले. बाहेर येऊन त्यांनी पत्रकारांना सांगितलं, की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. सालाझार यांच्या मुद्द्यातली हवा गेली ती इथे. सव्वा महिन्यातच, १५ ऑगस्टला, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर पत्रक काढून गोव्याला ‘पोर्तुगालचा प्रांत’ म्हणून बसले. म्हणजे लोकशाहीवादी अमेरिका हुकूमशहाच्या बाजूला आणि कॅथलिकांचा पोप कॅथलिक हुकूमशहापासून चार पावलं दूर!

रोमचं फार कौतुकही नको. गोव्यातलं चर्च सरकारी पगारावर होतं आणि त्याचे वरिष्ठ बहुतेक लिस्बनशी एकनिष्ठ राहिले. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा किंवा लोहियांना १९४६ साली मडगावात बोलायला उभं करणारे ज्युलियांव मिनेझिस हे जन्माने कॅथलिक होते, पण ते लढले चर्चच्या आशीर्वादाविना. सत्याग्रहींवरच्या गोळीबाराचा निषेध करायला मौन कामाला येत नाही. मात्र दोन्ही बाजूंना दार उघडं ठेवायला येतं, आणि व्हॅटिकनने तेच केलं.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आलं. व्हॅटिकनने अभिनंदनही केलं नाही आणि निंदाही केली नाही. आर्चबिशप अल्व्हेर्नाझ पुढच्या वर्षी गोवा सोडून गेले, पण रोमने त्यांना पदावरून काढलं नाही. कागदावर गोव्याचे आर्चबिशप तेच, कारभाराला मात्र गोवन प्रशासक. रॉबर्ट्स यांचीच युक्ती, फक्त आता खुद्द रोमच्या हातून. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदान माणसांनी फुललं आणि पोर्तुगालने या दौऱ्याला उघड अपमान म्हटलं. पोप गोव्याला गेले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली. ३१ डिसेंबरला दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सुआरिश यांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. अल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा रोमने मंजूर केला तो त्यानंतर, १९७५ मध्ये. राउल गोन्साल्विस हे गोव्याचे सुपुत्र १९७८ मध्ये आर्चबिशप झाले. गोवा मुक्त होऊन तोवर सोळा वर्षं उलटली होती. युरोपातही रोमची हीच रीत होती : जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख १९४५ मध्येच पोलंडकडे गेला, पण तिथल्या धर्मपीठांच्या सीमा पोपने बदलल्या १९७२ मध्ये, पश्चिम जर्मनीच्या संसदेने पोलंडबरोबरचा करार मंजूर केल्यावर. आधी तह, मग बिशप. भारतात १९५० ते ५३ मध्ये मात्र रोमने क्रम उलटा केला, कारण तिथे तहाची वाट बघण्यात चर्चचंच नुकसान होतं.

सालाझार यांची चूक धर्माचा अर्थ फार सरळ लावण्याची होती. याच्या उलटी चूक वॉशिंग्टनने इराणमध्ये केली. जानेवारी १९७८ मध्ये कोममध्ये गोळीबार झाला. शिया रिवाजाप्रमाणे चाळिसाव्या दिवशी शोक पाळायचा असतो. चाळीस दिवसांनी ताब्रीझमध्ये शोकसभा झाली, तिथे पुन्हा माणसं मेली. त्यानंतर चाळीस दिवसांनी आणखी शहरांत. निदर्शनांची तारीख कोणीही कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितली असती. तरी ऑगस्टमध्ये सीआयएचा अहवाल सांगत होता, की इराणमध्ये क्रांतीच काय, क्रांतीपूर्व परिस्थितीसुद्धा नाही. सहा महिन्यांत खोमेनी तेहरानच्या विमानतळावर उतरले. शहाचं लष्कर, तेल, अर्थव्यवस्था यांचे तज्ज्ञ अमेरिकेकडे भरपूर होते. मुल्लांच्या शोकाचं वेळापत्रक सांभाळणं हे कोणाचंच काम नव्हतं.

आता हाच जुना प्रश्न पुन्हा टेबलावर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकन आणि चीन यांनी बिशपांच्या नेमणुकीवर हंगामी करार केला. त्याचा मसुदा आजवर प्रसिद्ध झालेला नाही आणि मुदत मात्र तीनदा वाढली आहे. व्हॅटिकनचे राजनैतिक संबंध अजून तैवानशीच आहेत. पाद्रोआदोची गोष्ट माहीत असलेल्याला यातलं काहीच चमत्कारिक वाटणार नाही.

आपल्या जास्त जवळचा प्रश्न धरमशालेत आहे. १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून ओळखलं. काही दिवसांतच चीनने त्याला ताब्यात घेतलं आणि वर्ष संपायच्या आत दुसराच मुलगा त्या गादीवर बसवला. पुढचा दलाई लामा ओळखण्यात परंपरेने पंचेन लामांना मान असतो, म्हणून ही तजवीज. २००७ मध्ये तर अवतारी लामांना सरकारी मंजुरी लागेल असा नियमच बीजिंगने काढला. पुनर्जन्म न मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाने! जुलै २०२५ मध्ये नव्वदीला पोचलेल्या दलाई लामांनी जाहीर केलं, की ही परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासालाच आहे. दोनच दिवसांनी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की श्रद्धा आणि धर्माचरणाच्या बाबतीत सरकार कोणतीही भूमिका घेत नाही.

वाक्य व्हॅटिकनला शोभेल असं आहे आणि आजच्यापुरतं पुरेसंही आहे. पण नेमणुकीचा हक्क व्हॅटिकनच्या मुठीत होता, म्हणून त्याला गप्प बसणं परवडलं. भारताच्या हातात तो हक्क नाही. आहे ती धरमशाला, तवांगचा मठ आणि हिमालयाच्या कुशीतली ती सगळी गावं, जिथे दलाई लामांचा फोटो घराघरांत असतो. दोन ठिकाणांहून दोन मुलांची नावं पुकारली जातील त्या दिवशी तवांगचे भिक्षू कोणापुढे वाकतात, हा सीमेचा प्रश्न असेल. १९४८ मध्ये दिल्लीने ज्या घाईने व्हॅटिकनचं दार ठोठावलं होतं, तितकी घाई या बाबतीत आताच दाखवायला हवी.